उलट्या घडीचं रुखवत

श्रीवर्धनला समुद्राच्या बाजूच्या आळीत मार्तंडकाका करमरकर एकटे राहतात. वाडी पोफळींची, घर कौलारू, माणूस एक. वाडी आता दुसऱ्याला करायला दिली आहे. सकाळी शिंपण्याचं पाणी सोडायला तो येतो आणि काका ओटीवर बसून पाण्याचा आवाज ऐकतात. त्याच्याशी बोलणं फार होत नाही. काकांना बोलायला सुचतंच उशिरा. माणूस बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, गेला की मग त्यांना आठवतं, याला चहा विचारायचा राहिला.

अशा या माणसाच्या हातून आजवर पंधरा-सोळा मुलींची रुखवतं झाली, असं सांगितलं तर गावात कोणाचा विश्वास बसणार नाही. रुखवत म्हणजे बायकांचं काम. लग्नात मुलीकडच्यांनी एका टेबलावर मांडायचं, लाडू-करंज्यांच्या परातींशेजारी हाताने केलेल्या वस्तू ठेवायच्या. मुलाकडच्या बायका येऊन वाकून बघणार, "कोणी केलं हो?" असं विचारणार, आणि मुलीच्या आईने सांगायचं, "आमच्या हिनंच, आणि थोडं मी." प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेलं. त्या उत्तरात बिनलग्नाच्या काकाला जागा नाही.

काका एकतीस वर्षं म्हसळ्याच्या एका छापखान्यात पंचिंगच्या मशीनवर होते. खोकी कापायचं मशीन ते. लाकडी फळीत पोलादी पाती बसवलेली असतात, तिला डाय म्हणतात. धारेची पाती पुठ्ठा कापतात आणि जिथे घडी पडायची तिथे बोथट पट्टी नुसती रेघ दाबते. दाब पडला की सपाट पुठ्ठ्यातून कान, झाकण, खाच असलेलं खोकं सुटून येतं. फक्त दुमडायचं बाकी. ते दुमडण्याचं काम छापखान्याचं नसे. मिठाईवाले, सुपारीवाले आपापल्या दुकानात दुमडून घेत. काका दिवसाला हजारो खोकी कापत आणि एकही उभं राहिलेलं बघत नसत. म्हणून की काय, एखादं वाया गेलेलं खोकं ते घरी आणत आणि ओटीवर बसून हळूच उभं करत. नंतर त्यावर काही चिकटवून बघत. हे सगळं पाठ फिरवून चाले, कोणी आलं की वर्तमानपत्र त्यावर पडे.

हे बघितलं फक्त वहिनींनी. सुचित्रावहिनी, काकांच्या थोरल्या भावाची बायको. त्या या घरात आल्या तेव्हा काका शाळेत होते. वहिनींना सुगरणपणाचं सगळं येत होतं, पण कात्री-गोंद हातात धरवत नसे. मुलीचं, रचनाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एक दिवस सुपारीच्या कोऱ्या खोक्यांचा गठ्ठा आणून काकांच्या पुढ्यात ठेवला. वर आपल्या लग्नातल्या शालूचे उसवलेले काठ ठेवले.

"भावजी, मला कुठे येतंय यातलं. तुम्हीच बघा."

काकांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "करतो. पण माझं नाव नको, वहिनी. लोक हसतील."

"नाही सांगत," वहिनी म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. त्या महिन्यात काकांनी तुळशीवृंदावन केलं, पाळणा केला, शालूचे काठ लावलेली झाकणाची पेटी केली. लग्नात सगळ्यांनी नावाजलं आणि वहिनींनी ठरलेलं उत्तर दिलं. मग शेजारच्या मुलीचं लग्न आलं, मग पलीकडच्या आळीतल्या मुलीचं. बायका वहिनींकडे येत, वहिनी गठ्ठा आणून ओटीवर ठेवत, आठ-पंधरा दिवसांनी वस्तू घेऊन जात. लग्नांना काका जात, जेवत, रुखवताच्या टेबलाशी दोन मिनिटं उभे राहत आणि निघत. त्यांना त्यात काही कमी वाटलं नव्हतं. वहिनी रात्रीच्या जेवणाला वाढताना सांगत, कोण काय म्हणालं, कोणी पाळण्याची दोरी ओढून बघितली. तेवढं पुरे होत असे.

मग दादा, काकांचे थोरले भाऊ, गेले. सहा वर्षांपूर्वी वहिनीही गेल्या. गठ्ठा आणून ठेवणारं कोणी राहिलं नाही. गावातल्या बायकांच्या लेखी रुखवत करणारीच गेली होती.

यंदा गणपती उठले आणि मोबाइलवर पत्रिका आली. रचनाच्या थोरल्या मुलीचं, आरोहीचं लग्न. मुलाचं नाव वरद, लग्न पनवेलला, तुळशीचं लग्न झाल्यावर पुढच्याच आठवड्यात. काकांनी पत्रिका चारदा मोठी करून बघितली. मग ओटीवर येऊन बसले आणि वाट बघू लागले.

कशाची वाट, ते त्यांना नीट माहीत होतं. रचनाचा फोन येईल आणि ती रुखवताचं विचारेल. वहिनींनी गावाला सांगितलं नाही हे खरं. पण पोटच्या मुलीला तर सांगितलंच असणार. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, तरी रचनाला ठाऊक असणार की करणारे हात अजून श्रीवर्धनला आहेत. ती मागेल, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ, मग हो म्हणू, असं काकांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. काय बोलायचं ते आधी घोकल्याशिवाय त्यांना फोनवर बोलता येत नसे.

आठ दिवस गेले. फोन आला नाही. आपण करावा, असं रोज सकाळी त्यांना वाटे. पण म्हणणार काय? मी रुखवत करतो, असं आपणहून कसं सांगायचं? तिने शहरात काही ठरवलं असेल तर तिला नाही म्हणणं जड जाईल. पंधराव्या दिवशी त्यांनी माळ्यावर चढून गठ्ठा खाली काढला आणि न विचारताच सुरुवात केली. विचारलं की तयार असावं, एवढंच.

गठ्ठा पेढ्यांच्या खोक्यांचा होता. छापखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाले होते, ज्याला जे हवं ते न्या. कोणी पंखा नेला, कोणी कपाट. काकांनी पालीच्या एका पेढेवाल्यासाठी कापलेली आणि त्याने कधीच न उचललेली सपाट खोकी नेली. बाहेरून केशरी, वर मोदक, खाली 'शुद्ध तुपातील'. ते रुखवतात कसं चालेल? म्हणून काका घडी उलटी घालत. छापलेली बाजू आत, राखाडी बाजू बाहेर. पण पुठ्ठ्यावर दाबलेली रेघ एकाच बाजूला वळायला तयार असते. उलट वळवली की तडकते आणि कड भुसभुशीत होते. त्यावर काकांचा उपाय होता. ओल्या फडक्याने रेघ नुसती पुसायची, समुद्राकडच्या खिडकीत थोडा वेळ ठेवायची आणि मग समुद्रातल्या तिसरीच्या शिंपल्याची पाठ तीवरून ओढत ओढत तिला नव्या दिशेची सवय लावायची. घाई केली तर नाही जमत. एका खोक्याला चार-चार तास लागत.

सात खोकी करायची ठरली, सप्तपदीची सात पावलं. पहिलं सगळ्यांत लहान, पुढचं त्याहून थोडं मोठं. कुठे पोफळीची विरी भिजवून, दाबून, पातळ पापुद्रे काढून भिंती केल्या. ही विरी म्हणजे झावळीचा बुडखा. वाळला की चामड्यासारखा होतो. कुठे सुपारीच्या सालाचे धागे गवत म्हणून लावले. चाळलेली वाळू, गुंजा, बारके शंख, जुन्या वायरमधली तांब्याची तार. वहिनींच्या शालूच्या काठांतले उरलेले वीतभर तुकडे डब्यात होते, तेही निघाले. गोंद वाळेना, खाऱ्या हवेत वाळतच नाही. म्हणून झालेलं प्रत्येक खोकं रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायचं. तांदूळ ओल ओढून घेतो.

सुपारी निवडायला येणारी सोनूबाई एवढं सगळं बघून दारात थबकली.

"काका, ह्यो संसार कुनाचा मांडलाय म्हनायचा?"

काकांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं, पण सात खोक्यांना ते पुरेना.

"भाचीचं... पुतणीच्या मुलीचं लगीन आहे."

"ते म्हाईत हाय. पन ह्ये बायकांचं काम तुमी का करताय? अन् तांदळाच्या डब्यात घर घातलंय, मगाशी मूठभर तांदूळ घ्यायला गेले तर आत पायऱ्या. मला वाटलं, काकांना उतारवयात येड लागलं."

"लागलं असेल," काका म्हणाले.

सोनूबाई हसली. मग सूप बाजूला ठेवून वाकून सातवं खोकं बघत राहिली. ते काकांनी सगळ्यात शेवटी केलं होतं. वाडीच होती ती: कौलारू घर, मागे पोफळी, विहिरीवर तांब्याच्या तारेचा रहाट, तो बोटाने फिरवला तर फिरत असे. घराचं दार उघडत असे. दारावर विरीच्या कापलेल्या अक्षरांनी लिहिलं होतं, आरोही आणि त्याखाली वरद.

"वैनी असत्या तर काय म्हनाल्या असत्या," सोनूबाई म्हणाली आणि सूप उचलून मागच्या पडवीत गेली.

दिवाळी झाल्यावर रचनाचा फोन आला. काकांनी दोन वेळा घसा साफ करून उचलला. ती घाईत होती. लग्नासाठी आपल्या वाडीची सुपारी हवी, पूजेला चांगली निवडून, शंभर तरी. नारळही हवेत. काका दोन दिवस आधीच या, देवव्रत, म्हणजे तिचा नवरा, स्टँडवर घ्यायला येतील. काका हो हो म्हणत राहिले. आता विचारेल, आता विचारेल. शेवटी त्यांनीच, फार धीर करून, विचारलं की रुखवताचं काय ठरवलंय.

"भाड्याने आणतेय, काका," रचना म्हणाली. "इथे मिळतं आता. सकाळी मांडून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. काय करणार? आई होती तोवर गोष्ट वेगळी. आता कोण करणार माझ्या मुलीला."

काकांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिला वाटलं फोन कट झाला. दोनदा हॅलो म्हणून तिने ठेवला.

काका तसेच कानाला फोन धरून बसले. तिला माहीतच नव्हतं. वहिनींनी गावाला सांगितलं नाही तसं मुलीलाही सांगितलं नव्हतं. नाही सांगत म्हणाल्या होत्या आणि खरंच नाही सांगितलं, शेवटपर्यंत. काकांनी स्वतःच मागून घेतलेला शब्द होता तो. कोणाला दोष द्यायचा?

त्यांनी ठरवलं, पनवेलला जाऊन सांगायचं. फोनवर नाही जमणार. समोर ठेवायचं आणि म्हणायचं, रचना, हे मी केलंय, तुझंही मीच केलं होतं. पुढचे बारा दिवस ते हे वाक्य घोकत होते. विहिरीवर, चुलीपुढे, देवपूजेत मंत्राच्या मध्ये सुद्धा. वाक्य फार लांब वाटे, म्हणून पुढे त्यांनी ते लहान केलं. हे मी केलंय. तेवढं पुरे.

एसटीत त्यांनी दोन मोठी खोकी मांडीवर आणि पायाशी धरून ठेवली. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, मध्ये सालाचा भुसा; नारळ-सुपारीचं पोतं वेगळं. शेजारच्या माणसाने विचारलं, आत काय आहे. सुपारी, काका म्हणाले. साईचा घाट, माणगाव, मग हमरस्त्यावरचे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला काका दोन्ही हातांनी खोकं उचलून धरत. पिशवीत एक चपटा डबाही होता: चिमटा, फेविकॉल, ब्लेड, काठाचा उरलेला तुकडा. प्रवासात एखादा शंख निखळतोच.

रचनाचं घर नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर. देवव्रत, बँकेतला मोकळा माणूस, त्याने स्टँडवरून आणताना खोकं उचलून बघितलं आणि म्हणाला, "काका, सुपारी आणलीत की पिसं? वजनच नाही." काकांनी हसल्यासारखं करून खोकं परत आपल्या हातात घेतलं. घरात गडबड होती. आरोहीने वाकून नमस्कार केला, काकाआजोबा किती बारीक झालात म्हणाली आणि मेंदीवालीचा फोन आला म्हणून आत गेली. धाकटी आश्लेषा चहा घेऊन आली. काकांनी खोकी सोफ्यामागे सरकवली आणि संधीची वाट बघू लागले.

समोर काचेचं कपाट होतं. त्यात चांदीचे पेले, आश्लेषाचे कॅरमचे कप, आणि मधल्या फळीवर, एकटीच, शालूच्या काठाची ती पेटी. रचनाच्या रुखवतातली. काकांनी ती सत्तावीस वर्षांनी बघितली. रंग थोडा उतरला होता, पण कोपरे ताठ होते. काकांचे डोळे आधी कोपऱ्यांवरच गेले.

तेवढ्यात वरदची आत्या आणि आणखी एक बाई काही साड्या द्यायला आल्या. बोलता बोलता आत्याबाईंचं लक्ष पेटीकडे गेलं आणि त्यांनी कौतुकाने विचारलं. रचना उठली. कपाटाची चावी तिच्या कमरेलाच होती. तिने पेटी दोन्ही हातांत घेऊन आणली आणि झाकण उघडलं.

"आईच्या हातची. माझ्या रुखवतातली. हे काठ तिच्या लग्नातल्या शालूचे, स्वतःच्या हाताने उसवले तिने. कधी केलं कळलंही नाही आम्हाला, दिवसा तर कामच चालू असायचं." मग तिने झाकण उलटं करून दाखवलं. "आणि हे बघा. गोंद ओला असताना अंगठा टेकलाय तिचा. ठसा उठलाय. आई गेली ना, तेव्हापासून कधी मन लागलं नाही की मी असा अंगठा ठेवते त्यावर." तिने ठेवून दाखवला. "बरोब्बर नाही बसत. तिचा मोठा होता."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका आपल्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी हात मांडीखाली घेतले, थंडी वाजल्यासारखे.

बारा दिवस घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते आता बोललं तर काय होईल, हे त्यांना स्वच्छ दिसलं. रचना रागावणार नाही. हसेल, आश्चर्य करेल, सगळ्यांना बोलावून सांगेल, बघा काकांनी केलं होतं. पेटी परत कपाटात जाईल. पण पुन्हा कधी मन लागलं नाही की ती कुठे अंगठा ठेवणार?

आणि न बोलावं तर सात खोकी सोफ्यामागेच राहणार, परवा आरोहीच्या टेबलावर भाड्याचा माल लागणार.

पाहुण्या गेल्या. काकांनी विचारलं, जरा हातपाय धुऊन येतो, मागची गॅलरी कुठली. दोन्ही मोठी खोकी आणि पिशवी बरोबर घेऊन ते गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. वॉशिंग मशीनवर त्यांनी सातवं खोकं ठेवलं. वहिनी गेल्या तेव्हा आरोही चौदा-पंधरा वर्षांची. वरद हे नाव त्यांच्या कानावर पडण्याची शक्यताच नव्हती. नळाच्या पाण्यात फडकं भिजवून त्यांनी दारावर धरलं आणि गोंद मऊ होईपर्यंत वाट बघितली. मग चिमट्याने अक्षरं उचलली. व, र, द. एकेका अक्षराला दुपार गेली होती. विरी ओली होऊन तुटत होती. वर आरोही तेवढं राहिलं. ते राहू दिलं, आजीला नातीचं नाव माहीत असतंच. वरदच्या जागी फिकट डाग उरला. त्यावर काठाचा शेवटचा तुकडा तोरणासारखा बसवला. मग सातही खोक्यांवरची वर्तमानपत्रं काढून, चुरगळून, पिशवीच्या तळाशी कोंबली. त्यांवर याच महिन्याच्या तारखा होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच काका इतका पुढचा विचार करून खोटं बोलायला निघाले होते, आणि त्यांचे हात मात्र नेहमीच्या कामासारखे स्थिर होते.

त्यांनी खोकी बाहेरच्या खोलीत आणून टीपॉयवर मांडली, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"रचना, माळा आवरत होतो," ते म्हणाले. "वहिनींनी करून ठेवलं होतं बहुतेक. आरोहीचं नाव आहे त्यावर."

रचना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. ती पुढे आली नाही. तिथेच चौकटीला धरून उभी राहिली आणि मग खाली बसली. देवव्रत धावत आला, आरोही आली, एका हाताला मेंदी. आश्लेषाने विहिरीचा रहाट फिरवला, तो फिरला, आणि ती आनंदाने किंचाळली. रचना रडत होती आणि हसतही होती. आईला कसं सुचलं, म्हणत होती. हाताला संधिवात होता हो तिच्या शेवटी, कसं केलं असेल.

काका म्हणाले, "हळूहळू केलं असेल."

सगळंच खोटं नाही, असं त्यांनी मनाला समजावलं. काठ वहिनींचेच होते.

भाड्याच्या रुखवतवाल्याला देवव्रतने लगेच फोन करून नको म्हणून सांगितलं. लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर घातली, लाडू-करंज्यांच्या मागे सात खोकी उतरत्या पायऱ्यांसारखी मांडली आणि आश्लेषाने रंगीत पेनाने पाटी लिहून लावली: आजीच्या हातचं. काकांनी पाटी जरा डावीकडे सरकवली, पोफळी झाकल्या जात होत्या. मग ते भिंतीकडच्या खुर्चीत बसले. तिथून टेबल दिसत होतं.

बायका आल्या, वाकल्या, नावाजलं. कोणी मोबाइलवर फोटो काढले. आरोही शालू नेसून आली, सातव्या खोक्याचं दार उघडून आत बघून गेली. वरदच्या आत्याबाई मात्र चौकस होत्या. त्यांनी बोटाने भिंत दाबून बघितली आणि काकांकडे वळल्या, कारण जवळ दुसरं कोणी नव्हतं.

"सहा-सात वर्षं झाली म्हणता? कालच केल्यासारखं दिसतंय हो. आमच्याकडे कागदाला महिन्यात बुरशी येते."

"तांदळात ठेवलेलं होतं," काका म्हणाले. "तांदूळ ओल ओढतो."

"आणि या कडा बघा. उलटी घडी असून कुठे तडा नाही. मी करायचे पूर्वी, मला विचारा. हे फार कठीण. हात काय असतील त्या माउलीचे."

काकांच्या कामाबद्दल इतकं नेमकं, करणाऱ्याच्या नजरेने, कोणी कधी बोललं नव्हतं. वहिनीही नाही. आत्याबाईंना सांगावं, शिंपल्याची पाठ वापरतात, ओल्या फडक्याने नुसतं पुसायचं असतं. हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "फार चांगले होते."

आत्याबाई जेवायला गेल्या. काका आणखी थोडा वेळ बसले. पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, आपण कोणाकडचे? मुलीकडचा, काका म्हणाले.

संध्याकाळी पाठवणी झाली. सातही खोकी कापडात बांधून वरदच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली, कारण डिकीत दबतील असं रचना सारखी सांगत होती. गाडी गेली. हॉलमधले लोक पांगले, घरचे घरी परतले. काकांची पिशवी भरलेलीच होती, शेवटची बस मिळेल म्हणून ते निघाले, तेव्हा रचना त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"काका, तुम्ही माळा आवरला नसता तर राहिलंच असतं हो ते तिथे." तिने त्यांचा हात धरला. मग आपला अंगठा त्यांच्या अंगठ्यावर टेकवून म्हणाली, "आश्लेषाचं अजून तीन-चार वर्षांनी होईल. तिच्यासाठी पण केलं असेल का आईने काही? ती असं एकीला करून दुसरीला न करणारी नव्हती."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरी गठ्ठ्यात अजून वीसेक खोकी सपाट पडून होती. शालूचा काठ मात्र संपला होता.

"असेल," ते म्हणाले. "बघतो मी. वेळ लागेल शोधायला."

"सावकाश बघा," रचना म्हणाली. "आणि काका, तिची एखादी जुनी साडी न्यायची का तुम्हाला? असू दे तिथे. तिच्याच माळ्यावर."

ती आत जाऊन साडी घेऊन येईपर्यंत काका जिन्यात उभे राहिले. बस चुकली तर चुकली.